धबधब्यावर बदललेलं रीळ

हेरंबनं सुतळीचं टोक ओढलं. मेणकापड उलगडलं. डबी उघडली आणि त्याचा चेहराच उतरला.

"बाई, रीळ नाही. दगड आहे!"

आनंदीबाईंनी चष्मा पुसून डबी हातात घेतली. आत ओढ्याच्या तळाशी सापडतो तसा काळा, गुळगुळीत गोटा होता.

फणसवाडीतल्या त्यांच्या खोलीत चौघं जण बसले होते. चौघंही त्यांचे जुने विद्यार्थी. लहानपणी नकाशावर काठी टेकवून बाईंनी त्यांना शिकवलं होतं, "साष्टी म्हणजे बेट. चहूकडून पाणी." मोठी झाल्यावर दर श्रावणात ही मंडळी पाठीला पिशव्या लावून त्या बेटाच्या रानात शिरायची, दोन दिवस धबधब्यांमागून धबधबे पालथे घालायची आणि परतल्यावर थेट बाईंकडे चहाला यायची.

यंदा जगदीश नव्हता. तो कोठडीत होता.

परळला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर अश्रुधूर सुटला, तेव्हा कुणाच्या तरी दगडानं एका हवालदाराचं डोकं फुटलं. पोलिसांनी जगदीशला धरलं. खरं तर तो त्या क्षणी एका पडलेल्या म्हाताऱ्याला दोन्ही हातांनी उचलत होता. हेरंबनं समोरच्या चाळीतून तो फोटो टिपला होता. खटला उद्याच होता. दोस्ताच्या साक्षीला कोर्टात हिंग लावून कुणी विचारलं नसतं, फोटोला मात्र मानलं असतं. पण हेरंबच्या स्टुडिओला पोलिसांनी सील ठोकलेलं. म्हणून न धुतलेलं रीळ तो पाठीवर वागवत होता. दादरचा एक ओळखीचा आजच गावाहून परतणार होता, त्याच्याकडे ते धुवायचं होतं.

"शेवटचं कधी पाहिलंस?" बाईंनी विचारलं.

"सकाळी, मुक्काम हलवताना. गाठ दातांनी सोडावी लागली. रीळ होतं. परत बांधून पिशवीत टाकलं."

"नंतर पिशवी कुठं कुठं होती?"

"बहुतेक वेळ पाठीवरच. दुपारी मोठ्या धबधब्यापाशी खडकावर ठेवली. सगळ्यांच्याच पिशव्या तिथं होत्या."

रघुवीर हळहळला. तो सरकारी कचेरीत कारकून होता. मोर्च्याच्या दिवशी आपण कामावर होतो, म्हणून सुटलो, असं तो सगळ्यांना सांगायचा. "कठड्यावरून केवढा वाकून काढला होतास रे फोटो! सगळं पाण्यात गेलं." मग घसा साफ करून म्हणाला, "बाई, बोलू नये, पण ओढा ओलांडताना हेरंबची पिशवी भिवाकडे होती."

भिवा उसळला. तो घोडपदेवचा, गिरणीत कामाला. "होती! आणि तुझी कुणाकडं होती रे? साहेबांचा खांदा दुखला, म्हणून दोन-दोन पिशव्या मी वाहिल्या. आता चोर पण मीच?"

"मी चोर कुठं म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हटलंस."

"भांडू नका," बाई म्हणाल्या. "मृणालिनी, खडकावर कोण होतं गं?"

"मीच, बाई. पाय मुरगळला होता ना." मृणालिनी इस्पितळात नर्स होती. "पण जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा भिवा चुलीला फुंकर घालत होता आणि रघुवीर कपडे बदलत होता."

"आणि हेरंब?"

"पाण्यातच! हाका मारून मारून बाहेर काढला त्याला."

चौघं एकमेकांकडे बघेनात. ज्या चौघांनी कालपासून एका ताटात जेवण केलं होतं, त्यांनी आता आपापल्या पिशव्या पायाशी ओढून घेतल्या.

"बरं," बाई उठल्या. "नारळाच्या वड्या केल्यात. आपापल्या घरी न्यायला पुड्या बांधा. तोवर मी विचार करते."

कागद आणि सुतळी पुढं आली. भिवानं गिरणीतली बारीक गाठ मारून टोकं दातांनी तोडली. मृणालिनीची गाठ पट्टीवरच्या गाठीसारखी चपटी. रघुवीरनं सुतळी उभी-आडवी फिरवली, पीळ दिला, टोक खाली खोचलं. हेरंबनं एकावर एक तीन गाठी करकचून आवळल्या.

बाईंनी चारही पुड्या ओळीनं मांडल्या. एकीचं टोक धरून हलकेच ओढलं. पुडी भसकन उघडली.

"हेरंब, सकाळी तुला दात लावावे लागले. आणि आत्ता?"

हेरंब थबकला. "एका ओढीत सुटलं."

"म्हणजे मधे कुणीतरी सोडून परत बांधलं. रघुवीर, कचेरीत दिवसभर कागदांचे गठ्ठे बांधायचे नि सोडायचे. तिथं गाठ मारून कसं चालेल? टोक खोचायचं. हाताला वळण पडतं बाळा. धबधब्यापाशी घाईत तुझ्या हातानं तेच केलं."

"टोक खोचलं म्हणून मी चोर?" रघुवीर हसला.

"तेवढ्यावरून नाही म्हणणार. पण मोर्च्याच्या दिवशी तू कचेरीत होतास ना? मग हेरंब चाळीच्या कठड्यावरून वाकला होता, हे तुला कुणी सांगितलं?"

"मी तर नाही," हेरंब पुटपुटला.

"खाली रस्त्यावर असणाऱ्यालाच ते दिसणार. हेरंबची नजर जगदीशवर होती, त्याच्या मागं हात उगारून कोण उभं होतं ते त्याला दिसलं नाही. पण त्या हात उगारणाऱ्याला कॅमेरा दिसला."

रघुवीरची मान खाली गेली. "डोळे जळत होते, बाई. हाताला दगड आला, मारला. हवालदाराला लागेल असं वाटलं नव्हतं. नोकरी गेली तर आईनं नि बहिणींनी काय करायचं?"

"रीळ कुठाय?" भिवानं त्याचं मनगट धरलं.

"उजेडात उलगडलं... डोहात टाकलं."

मृणालिनीनं तोंडावर पदर घेतला. भिवाचा हात गळून पडला. सगळं संपलं होतं.

"फोटो गेला," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण फोटोतला माणूस माझ्यासमोर बसलाय. जगदीशची आई खालीच राहते, रघुवीर. तिलाही एकच मुलगा आहे."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दाराबाहेरून जगदीशच्या आईचा, दुर्गाबाईंचा आवाज आला, "बाई, आली का हो पोरं? फोटो मिळाला का?"

कुणी हललं नाही. बाईंनीही दाराकडे पाहिलं नाही. त्या रघुवीरकडे बघत राहिल्या, वर्गात उत्तराची वाट पाहायच्या तशा.

रघुवीर उठला. त्यानं कडी काढली.

"फोटो नाही, काकू," तो म्हणाला. "उद्या कोर्टात मी येतोय."