फुलकारी कोणासाठी?

सहर पहिल्यांदा त्या दुकानात गेली ती अबाया आखूड करून घ्यायला, आणि वर शहाणपणा शिकवून आली. दम्मामच्या बाजारातलं बायकांच्या कपड्यांचं दुकान ते. विक्रीला सौदीच हवेत असा नवा कायदा आलेला, म्हणून काउंटरवर एक सौदी मुलगी बसायची आणि शिंपी मागे, पडद्याआड. त्या दिवशी पडदा सरकलेला होता. आत एक तरुण विटकरी रंगाची जाड चादर मांडीवर घेऊन पिवळ्या रेशमाने भरत बसला होता.

"उलट्या बाजूने भरताय तुम्ही," ती हिंदीत म्हणाली.

त्याने मान वर केली. "फुलकारी उलटीकडूनच भरतात. कापडाचे धागे मोजत मोजत..." मग जरा थांबून म्हणाला, "आता पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवेत."

"मग मोजा की. मी कुठे हात धरलाय?"

"समोर उभ्या आहात ना—"

झालं. त्या महिन्यात सहरच्या घरातली एकेक अबाया अचानक लांब वाटायला लागली.

त्याचं नाव इसहाक, पंजाबातल्या मलेरकोटल्याचा. पोटासाठी तो अबायांच्या बाह्यांवर जरीचं भरतकाम करायचा. फुलकारी मात्र त्याची स्वतःची, जेवणाच्या सुट्टीतली. हे बायकांचं काम तुम्हाला कुणी शिकवलं, असं सहरने चिडवलं तेव्हा "आईने," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. आमच्याकडे ही विकत नाहीत, नवरीच्या अंगावर घालतात, एवढंच त्याने सांगितलं. कुठली नवरी, हे विचारायचा सहरला धीर झाला नाही. गावाकडे कोणी असेल तर?

एक का भीती होती तिला! अब्बांना, म्हणजे हनीफभाईंना, जावई हवा होता रत्नागिरीचाच. आणि इसहाकच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, शिंपी लिहिलेलं. काउंटरपाशी सापडला असता तर सरळ घरी रवानगी. दार वाजलं की ती आधी पडदा ओढायची.

आणि एक दिवस नेमका पडदाच दोघंही विसरले. काउंटरवरची मुलगी कॉफी आणायला गेली होती. चादर पुरी झाली म्हणून इसहाक लहान मुलासारखा बाहेर धावत आला आणि ती काउंटरवर पसरली. सोनेरी फुलांनी विटकरी रंग पार झाकून टाकला होता. दोघं त्यावर वाकले... आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले कामगार खात्याचे दोन तपासनीस आत आले.

"विक्री कोण करतंय?" थोरल्याने अरबीत विचारलं आणि इकामा मागितला. "शिंपी. मग इथे पुढे काय करतोय?"

इसहाकला अरबी येत होती ती खुबूसची रोटी मागण्यापुरती. सहर दम्माममध्येच वाढलेली. दार दोन पावलांवर होतं, तिला गुपचूप निघून जाता आलं असतं. पण तिची जीभच पुढे धावली. ही विकायची नाही, ती म्हणाली, यांच्याकडे ही नवरीला देतात.

"कोणत्या नवरीला? विचार त्याला."

सहर वळली. खरं सांगू, त्या क्षणी तिला तपासनिसांपेक्षा त्याच्या उत्तराचीच जास्त धास्ती होती.

"ते विचारतायत... ही कोणासाठी आहे?"

इसहाकने तपासनिसांकडे पाहिलंसुद्धा नाही. "आपके लिए," तो म्हणाला.

"काय म्हणतोय?"

आता हे अरबीत सांगायचं कुणी? तिनेच. "ली," ती कशीबशी म्हणाली. माझ्यासाठी.

थोरल्याच्या भुवया वर गेल्या. वडिलांना माहीत आहे का, त्याने विचारलं, आणि लाव फोन म्हणाला.

मेले आता, सहरला वाटलं. हनीफभाई बंदरावरच्या कचेरीत होते. तपासनिसाने फोन स्पीकरवर घेऊन सलाम केला, आणि इसहाक नावाच्या शिंप्याने नवरीची चादर तुमच्या मुलीसाठी केली आहे म्हणतो, हे खरं का, असं विचारलं. फोनमधून नुसती क्रेनची घरघर ऐकू येत राहिली. अब्बा नाही म्हणाले की संपलं सगळं. सहरने डोळे मिटून घेतले.

"खरं आहे," अब्बांचा आवाज आला. "माझ्याच मुलीसाठी."

तपासनिसाने इकामा परत दिला, यल्ला, चल, मागे जाऊन बस, म्हणाला, आणि जाता जाता मुबारकही म्हणून गेला. इसहाक तिथेच खाली बसला.

फोन अजून चालूच होता.

"सहर, तो आहे का तिथे?"

"आहे, अब्बा."

"त्याला दे."

इसहाकने दोन्ही हातांनी फोन धरला. पलीकडून हनीफभाई हळू हिंदीत बोलले, पण सहरला शब्द न् शब्द ऐकू आला.

"तीस वर्षं या मुलखात आहे, मियाँ. सरकारी माणसाशी कधी खोटं बोललो नाही. आजही बोललेलो नसेन, तर शुक्रवारी जेवायला या."