बहिरा भोंगा

दीपगृहावरच्या भोंग्याला सुरू व्हायचं कळे, थांबायचं कळत नसे. धुकं विरून लख्ख ऊन पडलं तरी मेला बोंबलतोच आहे! दिवेवाला वीज तोडायचा तेव्हा कुठे गप्प. खालच्या वस्तीची शिव्या देऊन तोंडं दुखली. शेवटी त्याने भाचीला बोलावलं. ती कॉम्प्युटरची दुखणी बघे.

दुपार सुस्त होती, समुद्र झोपलेला. भाचीने भोंग्याचा प्रोग्राम हाताने सुरू केला, मग ‘थांब’ असा हुकूम दिला. थांबला. मशीन बंद करून चालू केलं, तसा भोंगा आपसूक सुरू झाला. ‘थांब’. ढिम्म!

“मामा, खोट पोरात नाही, बापात आहे. मशीन उठलं की एक प्रोग्राम याला जन्म देतो. त्याने स्वतःच्या कानात बोळे घातलेत. मग पोरही बोळ्यांसकटच जन्मतं. कोणी लिहिलाय?”

“जुन्या दिवेवाल्याने. एकदा धुक्यात खडकांकडे गेला, तो गेलाच. हट्टी होता, पण खुळा नव्हता.”

“मग बोळे कशाला?”

“जा, त्यालाच विचार.”

ती हसली. बोळे काढले. भोंगा शहाण्या मुलासारखा ऐकू लागला.

उन्हं कलली आणि धुकं आलं. जिना चढून आल्यासारखं, हळूहळू. खोलीत ओल्या लोकरीचा वास भरला. दिवेवाल्याचा मुलगा होडी घेऊन बाहेर होता. भाचीने भोंगा सुरू केला. एकदा घुमला... दोनदा घुमला... आणि थांबला.

“थांबवलास कशाला गं? दादा बाहेर आहे तुझा!”

“मामा... माझे हात मांडीवर आहेत.”

पडद्यावर ओळ उमटली होती: थांब. बाहेरच्या नेटवर्कची तार तर तिने दुपारीच काढून ठेवलेली. हुकूम आला होता तो याच मशीनवरून, याच खोलीतून. तिने पुन्हा सुरू केला. पुन्हा थांबला. खाली पाणी खडकांना चाटत होतं, तेवढाच आवाज.

“बोळे घाल,” दिवेवाला कुजबुजला. “होते तसे घाल.”

भोंगा घुमू लागला, तो घुमतच राहिला. बऱ्याच वेळाने मुलगा वर आला, निथळत, तणतणत.

“बाबा, डोकं फिरलं का तुमचं? भोंगा थांबवून खडकांवरून हाका कसल्या मारत होता? वळवलीच होती मी होडी तिकडे!”

भाचीने नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. ओळीखाली ओळ येत होती. थांब... थांब... थांब...

बाहेर धुकं विरून मावळतीचं ऊन पडलं होतं. वस्तीतून शिव्या ऐकू येत होत्या. भोंगा बंद करायला कोणीच उठलं नाही.