तिरके बगळे

काळ्या लोकरीचा गुंडा तिच्या हातातून निसटला, शालींच्या कारखान्याच्या दारातून बाहेर पडला आणि जिन्यात कुणाच्या तरी बुटाला जाऊन थडकला. तिने मान वर केली. समोर एक तरुण, उजवा गाल सुजून टम्म, त्यावर हात.

"दाताचा दवाखाना..." तो कसाबसा म्हणाला.

"वरच्या मजल्यावर. आणि तो गुंडा माझा."

त्याने गुंडा उचलून दिला, पण नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. तिथे संगणकावरून शालीचं चित्र विणयंत्रात चढत होतं. तळ्यातले बगळे, निव्वळ काळे-पांढरे. चढत होतं ते मुंगीच्या पावलांनी.

"हे एकेका ठिपक्याला वेगळं विचारतंय?" दुखणं विसरून तो आत आला. "तू काळा की पांढरा? बरं. पुढचा, तू काळा की पांढरा?"

"मग कसं विचारायचं? घोळक्यात?"

"घोळक्यातच! काळ्या-पांढऱ्या चित्रात आठ ठिपके एका बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या एका कप्प्यात, दाटीवाटीने बसलेले असतात. अख्खी ओळ एकदम उचलून आणायची आणि मग निवांत आत बघायचं, कोण काय आहे ते. प्रत्येकासाठी नव्याने दार कशाला ठोठावायचं?"

"आधी तुम्ही वरचं दार ठोठावा," ती म्हणाली. "गाल वाढतोय."

तो पोटापाण्यासाठी प्रोग्रामच लिहायचा. आणि दात एका खेपेत बरा होणारा नव्हता. त्यामुळे दर खेपेला वरून उतरला की तो तिच्या शेजारच्या स्टुलावर बसू लागला.

कारखाना तिच्या काकांचा. यंत्र मात्र तिने हट्टाने घ्यायला लावलेलं, बगळेही तिनेच काढलेले. काका म्हणायचे, "तुझं चित्र चढेपर्यंत मी हाताने शाल विणून, धुऊन, वाळत घालीन." महिनाअखेरपर्यंत वेग आला नाही तर यंत्र परत जाणार, हे त्यांनी सांगून टाकलं होतं.

मग त्याने चित्र चढवायचा नवा प्रोग्राम लिहिला. पहिला प्रयत्न वाऱ्यासारखा पळाला. शाल बाहेर आली... आणि सगळे बगळे एका बाजूला कललेले!

"यांना काय पाजलंस रे?" काकांनी विचारलं.

त्याने कपाळावर हात मारला. "ओळीच्या शेवटी भरतीचे ठिपके असतात. चित्राचे नव्हेत, नुसते जागा भरायला. मी तेही विणायला घेतले, म्हणून प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत गेली."

"म्हणजे काम काही नाही, नुसते बसलेले?" ती स्टुलाकडे बघत म्हणाली. "ओळखीचे वाटतात."

तो हसला. तोंडाला भूल दिलेली होती, त्यामुळे अर्धंच हसला. त्या अर्ध्या हसण्यात तिचं मन अडकलं ते अडकलंच.

पुढच्या खेपेला त्याने भरतीचे ठिपके गाळले. बगळे ताठ उभे राहिले, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. काका नेमके बाहेर गेलेले. "झालं," तो म्हणाला, थोडा वेळ घुटमळला आणि गेला. ती बघतच राहिली. चित्र चढायची वाट बघण्यातच तर सगळ्या गप्पा व्हायच्या... आता वाट कसली बघायची?

त्यानंतर तो आला तेव्हा तिने गुपचूप जुना प्रोग्राम उघडला.

"अजून हळूच चालतंय हो."

त्याने पडद्याकडे पाहिलं. "हं... बघायला हवं," म्हणाला आणि स्टूल ओढलं. असं बरेचदा झालं.

मग महिनाअखेर आली. काकांनी फोन हातात घेतला. "पुरे झालं. यंत्र घेऊन जा म्हणून सांगतो."

शेजारी तो गाल धरून बसलेला.

"काका, थांबा!" तिने नवा प्रोग्राम उघडला. काकांनी चष्मा सारखा करेपर्यंत बगळे यंत्रात.

"हे कधी झालं?"

"बरेच दिवस झाले..."

"मग रोज ते रडतखडत काय चाललं होतं?"

तिचे कान तापले. तोच हळू आवाजात म्हणाला, "मला माहीत होतं. रोज जुनाच उघडायच्या."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने उत्तर द्यायच्या आत वरच्या डॉक्टरीणबाई शाल बघायला दारात उभ्या. "तू अजून इथे? दात बरा होऊन किती दिवस झाले! गाल कशाला धरलायस?"

हात झटकन खाली आला.

काकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि फोन खिशात टाकला. "एकाने बरा दात दुखवला, एकीने धडधाकट यंत्र. चला डॉक्टरीणबाई, शाली आतल्या खोलीत आहेत."

दोघंच उरले. ती लोकरीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आता यंत्रही पळतंय, दातही बरा," ती म्हणाली. "यायला कारण..."

"उरलं नाही." त्याने स्टूल जवळ ओढलं. "मला काही विचारायचंय. एकेक ठिपका विचारत बसू — की अख्खी ओळ एकदम?"

"एकेक विचारून काय होतं ते पाहिलंय मी. अख्खी."

"मला तू आवडतेस... मी तुला आवडतो का?"

तिने बोटावरची लोकर सोडली. गुंडा पुन्हा त्याच्या बुटापर्यंत घरंगळत गेला. या वेळी हातातून निसटला नव्हता.

"उचल की," ती म्हणाली. "आवडतोस म्हणून तर टाकला."

आणि तो हसला — या खेपेला पूर्ण तोंडाने.