रिकाम्या बाटलीतला वास

"कारखान्यातल्या त्या खोलीच्या दारात उभं राहिलं तरी डोळ्यांना पाणी येतं. मग ताईच्या रक्तात काहीच कसं नाही?"

गिचॉलनं हे पोलिसांना विचारलं, मालकाला विचारलं.

त्याची थोरली बहीण मालसुन बुसानमधल्या एका कारखान्यात सोल्यूशन लावून बुटांचे तळ चिकटवायची. ओल्या सोल्यूशनवर धूळ बसू नये म्हणून तिथली खिडकी खिळे ठोकून बंद केलेली. बसल्या जागीच ती गेली.

"हृदय कमजोर होतं बिचारीचं," मालक प्यो म्हणाला. "या कागदावर सही कर, दहन उरकून टाक."

"आधी तुझं उरकतो!"

त्यानं सही केली नाही. मालसुन शवागारातच राहिली.

प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या मा बाईंनी त्याला मालसुनच्या रक्ताची पहिली बाटली दाखवली. "अर्धीच भरली होती. रक्तातला वास वरच्या मोकळ्या जागेत चढतो आणि झाकण निघालं की पळतो. आता नवा नमुना घेतलाय, काठोकाठ."

रीतीप्रमाणे त्यांनी आधी धुतलेली रिकामी बाटली यंत्राला लावली. पडद्यावरची रेघ सरळ राहायला हवी होती. ती सर्रकन वर चढली.

सोल्यूशन.

दुसरी बाटली लावली. तिसरी लावली. तेच.

"रिकामी बाटली कोरी निघाल्याशिवाय बहिणीचा निकाल धरता येत नाही, पोरा." बाईंचा आवाज खाली आला. "मी स्वतः धुतल्यात रे... पण झाकण लावलं, की आत... कुणीतरी..."

खोलीत वास दाटला. ताई घरी आली की तिच्या केसांना यायचा, तोच.

घरी तिच्या फोटोपुढं भात वाढून त्यानं दार किलकिलं ठेवलं होतं. मेलेलं माणूस उघड्या दारातूनच जेवायला येतं, असं त्यांच्याकडं मानतात. ती आली नव्हती. बंद जागेबाहेर कसं पडायचं, हेच ती विसरली असावी.

"थांबा बाई. आत्ता यंत्र लावू नका."

वाटेत एक हातोडा उचलून तो धावतच कारखान्यामागच्या गल्लीत गेला. दाराला कुलूप होतं, आत कुणी नव्हतं. तरी त्या खिळे ठोकलेल्या खिडकीची काच आतून वाफाळली होती. वाफ विरायची, पुन्हा धरायची... श्वासासारखी.

"ए! काच फोडू नकोस!" मागून प्यो ओरडला. "भरून द्यायला लावीन!"

"ताई, बाजूला हो," गिचॉल म्हणाला आणि त्यानं सगळ्या जोरानिशी हातोडा हाणला.

काच फुटली. घाव बाहेरून बसला होता, तरी एकूण एक तुकडा बाहेर, त्याच्या पायांशी पडला.