पाळीवरचा माणूस

बसा, खुर्ची ओढून घ्या. उद्यापासून मी निवृत्त, म्हणून आज सांगते. एरवी भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्यांना मीच दटावायची.

माझं काम तसं साधं. दान केलेलं यकृत आलं की ते मशीनवर ठेवायचं आणि पेशंटची तयारी होईपर्यंत त्यात कोमट रक्त फिरवत राहायचं. पंपाचा बारीक आवाज येतो, टुक… टुक. तो ऐकत बसलं की मला अगदी निवांत वाटतं.

सात वर्षांपूर्वीची दुपार. दाता एक पहारेकरी होता. त्याची बायको आमच्या दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू? हे पाळी सोडत नाहीत. दुसऱ्यानं येऊन 'जा आता, मी आलोय' म्हटल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. तापानं फणफणले तरी." मी मान हलवली आणि आत मशीनकडे वळले.

ते यकृत एका शिंपिणीला बसवायचं होतं. पदरात दोन लहान मुलं. शेजारच्या खोलीत तिचं जुनं यकृत काढून झालेलं, पण रक्त थांबत नव्हतं. आता मागे फिरायची सोय नव्हती.

वेळ लागणार म्हणून मी चहाला उठले. जाताना मशीनच्या झाकणावर हात ठेवून म्हटलं, "बसा हं, आलेच." ही माझी जुनी खोड, सगळे हसतात.

परतले तर फरशी ओली होती, फिनेलचा वास सुटला होता. टुक… टुक चालूच. मशीनकडे पाठ करून मी रजिस्टर लिहायला बसले. तेवढ्यात पायाला काहीतरी लागलं म्हणून वाकले.

मशीनची पिन… जमिनीवर.

फरशी पुसणारीनं काढली आणि परत लावायला विसरली. पडदा काळा. बॅटरी कधीच उतरलेली. मी पंपाला हात लावला. तो फिरत नव्हता…

आणि आवाज येत होता. टुक… टुक. नळीतून पित्ताचे थेंब पडत होते, म्हणजे यकृत काम करत होतं.

"अहो…" मी कुजबुजले, "आहात ना?"

टुक.

मी पिन लावली. तापमान सदतीस, जसंच्या तसं. मशीन मात्र बावीस मिनिटं बंद असल्याची नोंद होती. मी धावत जाऊन सर्जनना सगळं खरं सांगितलं. त्यांनी दोनदा तपासणी करवली. म्हणाले, "मावशी, तुमचं मशीन खोटं बोलतंय. यकृत फर्स्टक्लास आहे. आणा!"

शिंपीण ठणठणीत झाली. माझे ब्लाउज तीच शिवते, दर वेळी गळा मोठा करून ठेवते आणि आम्ही भांडतो. बरं वाटतं हो तिच्याशी भांडायला.

ते मशीन आता जुनं झालंय. कोपऱ्यात झाकून ठेवलंय, पिनसुद्धा काढून टाकलीय. तरी खोली शांत झाली की ऐकू येतं. टुक… टुक. त्याची पाळी कुणाकडे चालू आहे, मला ठाऊक आहे. म्हणून त्याच्या बायकोनं सांगितलेलं ते वाक्य मी या खोलीत कधी कुणाला बोलू दिलं नाही.

आज माझ्या जागी नवी मुलगी आली. तिला सगळं शिकवलं, नेमकं हेच सांगायचं राहिलं. दारातून हसतच म्हणाली, "जा आता मावशी, मी आलेय ना!"

टुक… थांबलं.

मी दोन्ही हात झाकणावर दाबले. "ती मला म्हणाली हो… तुम्हाला नाही. तुम्ही बसा. बसा ना…" किती वेळ गेला कोण जाणे.

मग… टुक.

आणि फोन वाजला. शिंपीण होती.

"मावशी, हसू नका हं. आत्ता शिवता शिवता असं वाटलं… आतून कुणीतरी उठलं, दारापर्यंत गेलं… आणि परत येऊन बसलं."