म्हसोबाच्या शेंदराचं चित्र

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. संपत माझा आतेभाऊ, महाळुंगे पडवळचा. १९९८ सालचा जानेवारी, रविवार, भर दुपारचे दोन. जागा मंचरमधल्या एका दुकानावरचा हॉल.

तिथं संपतच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन होतं. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस, पण स्वतः काढायचा ते नुसते रंग आणि आकार. गावाकडून आलेले लोक चेष्टा करत होते, "राव, ह्यात बैल कुठं हाय?"

एका चित्रासमोर मात्र कुणी हसत नव्हतं. माणसाएवढं, लालभडक.

तो रंग दुकानातला नव्हता. त्याच्या गावच्या शिवेवर म्हसोबा आहे. वर्षानुवर्षं शेंदूर चढून देवावर जाड कवच बसतं. ते आपसूक गळून पडलं की नदीला सोडायचं, ही रीत. प्रदर्शनाआधीच्या दिवाळीत कवच गळलं. चिमाआत्यानं, म्हणजे त्याच्या आईनं, ते नदीला सोडायला त्याच्याकडं दिलं. या शहाण्यानं ते खलात कुटलं आणि जवसाच्या तेलात घोटलं. का, तर असा लाल विकत मिळत नाही!

लोक जेवायला पांगले. संपतही निघाला. चित्रं टांगलेल्या कनातीला वळसा घातला की दार.

वळसा घातला...

समोर लाल चित्र.

चुकलो असेन म्हणून परत वळला. परत तेच. मग तो पळायलाच लागला.

आणि लक्षात आलं... खालच्या रस्त्यावरचा गोंगाट बंद झालाय. स्वतःच्या चपलांचाही आवाज येत नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. चपला झिजून फाटल्या. तीनदा झोप लागली, तीनदा जाग आली. खिडकीतलं ऊन होतं तिथंच होतं.

शेवटी दार दिसलं. दारात बायको आरती, हातात डबा. मागं चिमाआत्या.

"आरती! मी हितं हाय!"

ती त्याच्या आरपार बघत होती.

"आत्याबाई, हॉल तर मोकळाच हाय."

त्यानं हात पुढं केला. उंबऱ्यापाशी हात अडला.

आत्याची नजर चित्रावर गेली. "ह्यो रंग कशाचा गं?"

आरतीनं खाली मान घालून सांगितलं. म्हातारी मटकन बसली, उंबऱ्यावर डोकं टेकलं. "देवा, लेकरू चुकलं. तुजं तुला देते. माजं मला दे."

सुटलो, संपतला वाटलं.

तेवढ्यात... चित्रामागून संपत बाहेर आला.

तोच सदरा, तोच चष्मा. चपला मात्र नव्याकोऱ्या.

आरती रडत त्याला बिलगली. चित्र नदीला सोडायला घेऊन तिघं जिना उतरले. आतला संपत घसा फोडून ओरडत होता. बाहेरून कुलूप लागलेलं त्यानं ऐकलं.

नऊ वर्षं झाली. घरचा संपत शाळेत जातो, फक्त चित्रं काढत नाही. आत्या दर अमावास्येला त्याची दृष्ट काढते.

तुम्ही विचाराल, आतलं सगळं मला कुणी सांगितलं?

गेल्या महिन्यात त्याच हॉलवर एका साखरपुड्याला गेलो होतो. हात धूत होतो, आणि भिंतीतून हाक आली... माझ्या नावानं.

तो बोलत राहिला, मी ऐकत राहिलो.

सोमवारपासून ती इमारत पाडायला घेतायत. आत्याला सांगायचंच, असं ठरवून मी तीनदा तिच्या घरी गेलो. तिन्ही वेळा दार संपतनंच उघडलं.

"ये की भाऊ, च्या घे," लई मायेनं म्हणाला.

तिन्ही वेळा मी चहा पिऊन परत आलो.