ऐंशी मीटर तार

“तुमच्या तारेत जीव नाही,” असं म्हणून त्यानं खांद्यावरचं भलंमोठं भेंडोळं माझ्या टेबलावर ठेवलं.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लोक जळके पंप आणतात, रुसलेले पंखे आणतात, कधीकधी नुसते भांडायलाही येतात. पण हा भांडत नव्हता. चष्म्यावर पावसाचे थेंब, शर्टाची एक बाही वर आणि एक खाली... आणि आवाज असा, की चूक जणू त्याचीच. चार दिवसांपूर्वी त्यानं बापूंकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, ऐंशी मीटर तांब्याची तार नेली होती. सगळी जोडाजोड झाली होती, पण करंट म्हणून पुढे सरकत नव्हता.

मी तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासली आणि मल्टिमीटर लावला. मीटर लगेच वाजला.

“या तारेवर इनॅमलचा थर असतो,” मी म्हटलं. “तो न खरवडता सोल्डरचा डाग दिला तर नुसता वरवर चिकटतो.”

तो माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “हे... बाहेर कुणाला सांगू नका हं. मी हवामान खात्यात यंत्रं दुरुस्त करतो.”

मला हसू आवरेना. बापूंनी त्याच दिवशी त्याचं नाव पाडलं – ऐंशी मीटर. “ऐंशी मीटर आला बघ,” असं ते आतून ओरडायचे आणि मी केस सारखे करायचे. आधी एकदा, मग दोनदा.

त्याला हौशी रेडिओचं वेड होतं. त्यातही सगळ्यात खालच्या फ्रीक्वेन्सीचं. तिथल्या लाटा लांबलचक, म्हणून अँटेनाची तारही लांबलचक लागते आणि त्याच्या भाड्याच्या खोलीची गॅलरी जेमतेम तीन पावलांची. आमचं छप्पर मात्र ओळीतल्या पाच दुकानांवरून जायचं. त्यानं भीतभीत परवानगी मागितली. बापूंनी वाक्य पुरं व्हायच्या आत दिली.

पलीकडच्या झाडावरून तार न्यायची, तर आधी दोरीला दगड बांधून फेकायचा असतो. त्याचा पहिला दगड पन्हाळीत गेला, दुसरा सुताराच्या पत्र्यावर वाजला, तिसरा बापूंच्या कानाजवळून गेला. चौथा मी फेकला आणि तो बरोबर फांदीवरून पलीकडे उतरला.

“मानलं, कारागीर,” तो म्हणाला. तेव्हापासून मी त्याची कारागीर झाले आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तार तो आधी मुद्दाम जास्त ठेवायचा. मग मीटर बघत रोज वीतभर कापायचा. माझा जीव वरखाली व्हायचा. आमच्या धंद्यात एकदा मोजतात, एकदा कापतात.

“एकदाच मापून मोकळा का होत नाहीस?”

“मोकळा झालो तर...” त्यानं पक्कड खिशात घातली. “उद्या इथं यायला काय कारण सांगू?”

दुसऱ्या दिवशी त्यानं कापलेला तुकडा मी पर्समध्ये ठेवला, आता सांगायला कसली लाज.

खालच्या फ्रीक्वेन्सीला दिवसा कसलाच जोर नसतो. अंधार सरून उजेड यायच्या वेळी मात्र आवाज फार लांबून येतात. म्हणून तो पहाटे यायचा, थर्मासमधून चहा आणायचा. एका हेडफोनचा एक कान त्याच्याकडे, एक माझ्याकडे. खरखरीतून कुणीतरी अनोळखी भाषेत बोलायचं आणि त्या वीस मिनिटांत त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला असायचा. उजेड झाला की आवाज विरत जायचा, खांदा मात्र थोडा वेळ तसाच राहायचा. मी त्याच्या प्रेमात पडले होते, अगदी गळ्यापर्यंत बुडाले होते.

आणि एका पहाटे, माझ्याकडे न बघता, त्यानं बातमी सांगितली. बेटावरच्या वेधशाळेत तीन वर्षांची नेमणूक. फोन फक्त सरकारी कामाला. बोट दोन महिन्यांतून एकदा.

“लग्न झालेल्यांना वेगळी खोली देतात म्हणे...”

“मग?”

“मग काही नाही. एकट्याला मोठी होईल.” त्यानं थर्मासचं झाकण घट्ट केलं. “येशील?”

मला हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, “दुकान आहे.”

“दुकानाला बापू आहेत की.”

पण दुकानाला बापू उरले नव्हते. दीड वर्षापासून त्यांचे हात थरथरत होते. ते रोज सकाळी उमेदीनं तार गुंडाळून वाईंडिंग करायचे, वेढे सुटे पडायचे, कॉइल ढिली व्हायची. दुपारी ते जेवून आडवे झाले, की मी त्यांचं काम उलगडायचे आणि पुन्हा घट्ट भरून वार्निश द्यायचे. गिऱ्हाईक संध्याकाळी म्हणायचं, बापूंचा हात तो बापूंचाच, आणि बापूंचा चेहरा फुलायचा. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. मी गेले असते तर पहिल्याच आठवड्यात मोटारी परत आल्या असत्या आणि बापूंना कळलं असतं की आपले हात गेले. चाळीस वर्षं त्या हातांचं नाव होतं.

म्हणून मी फक्त “नाही जमणार” म्हटलं. त्यानं बराच वेळ चष्मा पुसला.

“मी तिथून रोज पहाटे रेडिओवर हाक देईन,” तो शेवटी म्हणाला. “तुझं नाव नाही घेता येणार, परवान्यावरचं माझं सांकेतिक नाव सांगेन फक्त. ऐकायला परवाना लागत नाही, हा रेडिओ तुझ्याकडे ठेवून जातो, मी दुसरा नेतोय. मन बदललं तर पुढच्या बोटीनं पत्र पाठव. खोलीचा अर्ज त्याच बोटीच्या परतीला पाठवायचाय. पत्र नसेल तर... मी पुन्हा विचारणार नाही.”

बेटावर तार लांबवायला जागा कमी होती. अशा वेळी कमी पडणारी लांबी भरून काढायला मधे एक मोठी कॉइल घालतात. ती बापूंनी त्याला भेट म्हणून करून दिली. मी त्या दिवशी बाजारात होते. परत आले तेव्हा दोघं छपरावरून उतरत होते आणि तो म्हणत होता, “बापू, एकदम झकास झालीय.” त्यानं टेबलावर ठेवलेली कॉइल मी पाहिली. एकेक वेढा दुसऱ्यापासून सुटा. किती चांगला आहे हा, मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखतोय. अशी ढिली कॉइल घेऊन समुद्रापार जाणार आणि तिथं त्याची हाक निघणारच नाही.

दुपारी बापूंचा डोळा लागल्यावर मी ती उलगडली. वेढ्याला वेढा चिकटवून भरली, वर दोन हात वार्निश दिलं, खोक्यात घालून खोकं बांधलं. मी आयुष्यात इतकं मन लावून काम केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं खोकं काखेत घेतलं. “येतो, कारागीर,” एवढंच म्हणाला.

मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. ज्या पहाटे त्याचा आवाज ऐकू येईल, त्या पहाटे बापूंना सगळं सांगायचं आणि पत्र टाकायचं. तेवढं बळ मला त्याच्या आवाजातूनच मिळणार होतं.

साठ पहाटा मी कानाला हेडफोन लावून बसले. खरखर यायची, अनोळखी माणसं यायची, तो नाही. पहिल्या आठवड्यात मी काळजी केली, दुसऱ्यात रागावले. मग वाटलं, तिकडे गेल्यावर त्याला शहाणपण सुचलं असेल. मी कशाला पत्र लिहून हसं करून घेऊ? बोट निघायच्या दिवशी मी एका पंख्याचं काम काढून बसले आणि घड्याळाकडे पाठ केली.

परतीच्या बोटीनं त्याचं पत्र आलं. त्यानं मला ‘तुम्ही’ लिहिलं होतं.

“कॉइल पहिल्याच पहाटे जळाली. उघडून पाहिली तर वेढे घट्ट बसवून वार्निश दिलेलं. असा हात तुमचाच. तुम्हाला माझी हाक नको होती, हे तोंडावर सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं. तरीही बोटीची वाट पाहिली. पत्र नव्हतं. खोली सहकाऱ्याला दिली आहे. या बेटाहून लांबच्या ठाण्यावर माणूस हवा होता, मी नाव दिलं. बापूंना नमस्कार सांगा.”

मी पत्र घेऊन तशीच उभी राहिले. बापूंनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं.

“तू ती कॉइल उलगडलीस?” त्यांनी विचारलं.

“ढिली होती, बापू.”

“ढिली नव्हती गं. तारेसोबत सुतळी गुंडाळत गेलो आणि मग सुतळी काढून घेतली, वेढ्यांमधे सारखी फट राहावी म्हणून. त्यानंच सांगितलं होतं तसं. रेडिओच्या कॉइलमधे वेढे चिकटले की ठिणगी पडते, समुद्राच्या हवेत तर हमखास.” ते खुर्चीत बसले. हात मांडीवर होते आणि थरथरत होते. “रोजचं ठीक होतं. ही एक उलगडायची नव्हतीस.”

“रोजचं... तुम्हाला माहीत होतं?”

“माझा वेढा मला ओळखता येत नाही होय? तुला बरं वाटत होतं, म्हणून मी गप्प बसलो.”

मग मी सगळं सांगितलं. त्यानं विचारलेलं, मी नाही म्हटलेलं, ते का म्हटलेलं. माझं त्याच्यावर प्रेम आहे हेसुद्धा सांगितलं. हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं आणि ते ऐकायला समोर फक्त बापू होते.

“मग मला विचारायचं तरी,” ते म्हणाले. “दुकान बंद केलं असतं आपण.”

“तुमचे हात गेलेत, असं तुमच्या तोंडावर कसं म्हणणार होते मी? तुम्हाला किती वाईट वाटलं असतं.”

बापूंनी पत्राची घडी घालायचा प्रयत्न केला. ती तिरकी होत होती. मी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला.

“वाटलं असतं की,” ते म्हणाले. “दोन दिवस वाटलं असतं.”